बाबांची हत्यारपेटी

(मननासाठी : मत्तय १३:५४-५८, उपदेशक १०:१०)



१ मे रोजी ख्रिस्तसभा श्रमिक संत योसेफ यांचा सण साजरा करते. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली हा सण सुरू केला. त्याच वर्षी आपला अमरावती धर्मप्रांतही स्थापन झाला. म्हणजे हा सण आणि आपला धर्मप्रांत एकाच वयाचे आहेत. त्या निमित्ताने आज मी तुमच्याशी एका पेटीविषयी बोलणार आहे. ती पेटी माझ्या बाबांची. सागवानी, कडीकोयंड्याची, आत सुतारकामाची हत्यारे असलेली.

आधी देवशब्दाकडे वळू या. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या गावी, नासरेथला येतो आणि सभास्थानात शिकवतो. लोक थक्क होतात. पण लगेच त्यांच्या मनात येते, अरे, हा तर त्या सुताराचा पोरगा! मार्कच्या सहाव्या अध्यायात तर लोक थेट येशूलाच सुतार म्हणतात. त्यांनी ते कौतुकाने म्हटलेले नाही. ज्याच्या हाताला आपण घट्टे पाहिले, ज्याने आपल्या दाराची चौकट बसवली, त्याने आपल्याला देवाच्या गोष्टी सांगाव्यात हे त्यांना पटत नव्हते. त्यांच्या ह्या अविश्वासामुळे प्रभूने तेथे फारशी अद्भुत कृत्ये केली नाहीत, असे शुभवर्तमानकार सांगतो. हाताच्या कामाला कमी लेखणारे गाव प्रभूच्या कृपेला मुकले.

मूळ ग्रीक शुभवर्तमानात येथे 'तेक्तोन' हा शब्द आहे. लाकडाचे आणि बांधकामाचे काम करणारा कारागीर असा त्याचा अर्थ. दुसऱ्या शतकातील हुतात्मा संत जस्टिन यांनी लिहून ठेवले आहे की, येशू नांगर आणि जू तयार करीत असे. हे वाचताना वऱ्हाडच्या माणसाला परके काहीच वाटत नाही. नांगर, वखर, तिफण, जू ह्याच तर आपल्या गावच्या सुताराच्या वस्तू. शेतकऱ्याने वर्षभर काम करून घ्यावे आणि खळ्यावर ज्वारीचे बलुते घालावे, ही रीत आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहे. जू नीट तासले नाही तर बैलाची मान सोलवटते, हे सुताराला कोणी शिकवावे लागत नाही. माझे जू सोयीचे आहे असे प्रभू जेव्हा सांगतो (मत्तय ११:३०), तेव्हा ते ज्याने जू हाताने तासले आहेत, अशा माणसाचे बोलणे आहे हे लक्षात ठेवा.

प्रभूच्या काळातले सुतार कसे काम करीत, ह्याचा एक पुरावा आपल्याला मिळाला आहे. १९८६ साली गालील सरोवराचे पाणी खूप आटले होते. तेव्हा तेथील दोन भावांना, जे मासेमारी करीत, चिखलात एक जुनी नाव सापडली. सुमारे ८.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद अशी ती नाव पहिल्या शतकातली ठरली. तिच्या फळ्या एकीच्या काठातले कुसू दुसरीच्या खाचेत बसवून आणि वरून लाकडी खुंट्या मारून जोडलेल्या आहेत. आपला सुतार चौकट जोडतो तीच ही पद्धत. आणि त्या नावेत एका जातीचे नव्हे, कितीतरी जातींचे लाकूड आहे. काही तुकडे तर जुन्या नावांतून काढून पुन्हा बसवलेले आहेत. नाव मोडली म्हणून टाकून दिली नाही; ठिगळ लावत, जोड देत ती चालवली. गरीब माणसाची नाव होती ती. अशाच नावेत बसून प्रभूने लोकांना शिकवले.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, तरीही सांगतो.

माझे आजोबा जन्माने सुतार नव्हते. ते मजुरी करीत. गावात एक म्हातारे सुतार होते. त्यांना मूलबाळ नव्हते. आजोबा त्यांच्या हाताखाली लाकूड धरायला जात. धरता धरता तासायला शिकले, तासता तासता जोडायला शिकले. त्या म्हाताऱ्यांनी जाण्यापूर्वी आपला वाकस आणि शिसवी रंधा आजोबांच्या हाती दिला. तिथून आमच्या घरची सुतारकी सुरू झाली. आजोबांनी शेतीची अवजारे केली. बाबांच्या काळात ट्रॅक्टर आले, लाकडी नांगर मागे पडले, म्हणून बाबा कपाटे, पलंग, दारे-खिडक्या करू लागले. परतवाड्याच्या लाकूड डेपोतून मेळघाटचे सागवान यायचे. त्याचा वास घरभर असायचा. पेटीत हत्यारे वाढत गेली : मोठी आणि छोटी करवत, तीन-चार पटाशा, किकरे, गिरमिट, दोरीने फिरवायचा सामता, गुण्या, कानस, आणि धार लावायचा दगड, जो मध्ये पार खोलगट झाला होता.

बाबा फार बोलत नसत. पण एक वाक्य आम्ही दोघा भावांनी शंभरदा ऐकले असेल : "धार नसली का हात जोर करते, अन् जोर केला का लाकूड फाटते." रोज सकाळी कामाला हात घालण्यापूर्वी ते पटाशी आणि रंध्याचे पाते दगडावर घासत. कितीही घाई असो. गिऱ्हाईक दारात उभे असो. आधी धार, मग काम. पुढे सेमिनरीत उपदेशकाचे पुस्तक वाचताना दहाव्या अध्यायात मला तोच विचार सापडला : लोखंड बोथटले आणि त्याला धार लावली नाही, तर माणसाला जास्त जोर खर्च करावा लागतो. मी मनात म्हटले, बाबांनी हे पुस्तक कधी वाचले नाही, पण त्यांना ते पाठ आहे.

मी धर्मगुरू झालो. धाकटा भाऊ बाबांच्या हाताखाली राहिला. पुढे प्लायवूड आले, सनमायका आला, मग कारखान्यातून तयार कपाटे येऊ लागली. भावाने विजेची यंत्रे घेतली आणि शहरातल्या ठेकेदाराकडे काम धरले. बाबा गेले. पेटी खाटेखाली सरकवली गेली.

एके दिवशी भावाचा फोन आला. भंगारवाला दारात आला आहे, किलोच्या भावाने लोखंड घेतो म्हणतो, पेटी देऊन टाकू का, असे त्याने विचारले. मला राग आला. मी त्याला फोनवरच प्रवचन दिले. वाडवडिलांची आठवण, घामाचा वारसा, संत योसेफ, सगळे काढले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, तुह्यं बरं हाय. पेटी ठेव म्हनतं, पन तुनं कधी उघडली काय? मले पोरायच्या शाळेचे पैसे भरा लागते."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाबा गेल्यापासून मी त्या पेटीला हात लावला नव्हता. तिच्यावर माझे प्रेम होते, पण ते दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खाटेखाली ठेवलेले प्रेम होते. ती सांभाळण्याचे ओझे भावाचे, आणि तिचा अभिमान मात्र माझा!

पुढच्या सुट्टीत मी घरी गेलो. आम्ही दोघांनी पेटी अंगणात आणली. कडी गंजलेली. आत उंदरांनी चिंध्या नेल्या होत्या. पटाशांवर तांबूस थर. रंध्याची पाचर इतकी घट्ट बसली होती की निघेना. मी एक फळी घेतली आणि मोठ्या उत्साहाने रंधा मारला. पाते फळीवरून घसरले, मग अडकले, आणि एक लांब ढलपी उचकटून गेली. भाऊ हसला. त्याने रंधा माझ्या हातातून घेतला, मागून दोन ठोके देऊन पाचर सैल केली, पाते बाहेर काढले आणि दगडासमोर मांडी घालून बसला. तासभर तो घासत होता. मधूनमधून पाणी शिंपडत होता, अंगठ्याच्या नखावर धार पाहत होता. मग पाते बसवून, पुढून हलकेच ठोकून ते केसभर खाली आणले आणि रंधा माझ्या हातात दिला. "जोर नोको लावू दादा. पातं काम करते, तू नुसता हात धर."

ह्या वेळी फळीवरून कागदासारखी पातळ छिलपी निघाली, लांब, गुंडाळत गेलेली. आणि बाबांच्या अंगणाचा तो जुना वास आला. आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही.

त्या दिवशी आम्ही पेटीचे काय केले, तेही सांगतो. दात झडलेली करवत आणि मोडका गिरमिट भंगारात दिला. त्यात पाप नाही. पटाशा, किकरे आणि रंधा भावाने आपल्या कामाच्या पिशवीत घेतला. यंत्र कितीही चांगले असले तरी बिजागरीची खाच कोपऱ्यापर्यंत साफ करायला हाताची पटाशीच लागते, असे तो म्हणाला. वाकस गावातल्या एका होतकरू मुलाला दिला, कारण तो मुळात आमच्या घरचा नव्हताच. एका म्हाताऱ्याने परक्या मजुराला दिलेला होता. मी माझ्यासाठी काहीच आणले नाही. पण आता वर्षातून एकदा आम्ही दोघे भाऊ मिळून एखाद्या चर्चची मोडकी बाकडी दुरुस्त करतो. धार तो लावतो. मी अजून शिकतो आहे.

बंधू-भगिनींनो, ह्या पेटीने मला श्रद्धेविषयी तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली गोष्ट : वारसा ही मिळालेली देणगी असते. आजोबांना रंधा रक्ताच्या नात्याने मिळाला नाही, प्रेमाने मिळाला. आपली ख्रिस्ती श्रद्धाही अशीच आली. कोणीतरी आपल्या आजी-आजोबांचा हात धरला, क्रूसाची खूण करायला शिकवले, आजारात त्यांच्या उशाशी बसले. ज्यांनी हे केले ते बहुधा आपल्या रक्ताचे नव्हते. म्हणून श्रद्धा आपल्या घराण्याची मिरवायची वस्तू नाही. जशी मिळाली तशी ती कोणाला तरी द्यायची असते. तीमथ्याची श्रद्धा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके हिच्या ठायी होती, ह्याची संत पौल त्याला आठवण करून देतो (२ तीमथ्य १:५). आणि लगेच पुढच्या ओळीत तो सांगतो, ती देणगी फुंकर घालून पेटती ठेव. नुसती आठवण पुरत नाही.

दुसरी गोष्ट : न वापरलेला वारसा गंजतो. आपल्या कितीतरी घरांत आजीची रोझरी काचेच्या कपाटात आहे, पवित्र शास्त्र रुमालात गुंडाळलेले आहे, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. हे सर्व चांगलेच आहे. पण रोझरीचे मणी शेवटचे कधी फिरले? संस्कारांची पुस्तिका कधी उघडली? धार नसली की हात जोर करतो. ज्या घरात प्रार्थनेची धार गेली, तेथे मग आईबापांना आवाज चढवावा लागतो, पोरांना धाक घालावा लागतो, रविवारी मिस्साला ओढून न्यावे लागते. आणि जोर केला की लाकूड फाटते. मुले दुरावतात. मग आपण म्हणतो, आजकालची पिढी बिघडली. पिढी बिघडली की पाते बोथटले, हे आधी स्वतःला विचारा. मी माझ्या भावावर रागावलो होतो, तेव्हा बोथट मीच झालो होतो.

१ शमुवेलच्या तेराव्या अध्यायात एक लहानशी नोंद आहे. त्या काळी इस्राएलात लोहार उरला नव्हता. नांगराचा फाळ आणि कुऱ्हाड पाजळायला लोकांना शत्रूकडे, पलिष्ट्यांकडे जावे लागे आणि वर पैसेही मोजावे लागत. ज्या घरात मुलांच्या मनाला धार लावायचे काम होत नाही, त्या घरातली मुले ते काम दुसऱ्याच्या दारात जाऊन करून घेतात. आज ते दार प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे, आणि त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

तिसरी गोष्ट : हत्यार हातात दिल्याशिवाय हात तयार होत नाही. बाबा आम्हाला लहानपणी बोथट पटाशी देत नसत. धारेची देत, आणि जवळ बसून राहत. बोट कापायचे कधीतरी. पण बसून राहत. संत योसेफांनी प्रभू येशूला असेच शिकवले असेल. देवाचा पुत्र असूनही त्याला खुंटी कशी बसवायची हे एका माणसाकडून शिकावे लागले, ही केवढी नम्रता! दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० ते ८ डिसेंबर २०२१ हे वर्ष संत योसेफांना वाहिले होते. तेव्हाच्या आपल्या पत्रात त्यांनी योसेफांना काम करणारा पिता असे म्हटले आणि कामाची प्रतिष्ठा पुन्हा समजून घेण्याची गरज सांगितली. आपणही मुलांना वाचन करू द्या, घरच्या प्रार्थनेत पुढाकार घेऊ द्या, आजाऱ्याच्या घरी सोबत न्या. ती चुकतील. जवळ बसून राहा.

आपल्या वलगावला ह्यासाठी दूर उदाहरण शोधायला नको. पेढी नदी ओलांडताना आपण हात जोडतो. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांना अमरावतीकडे नेत असताना येथेच, वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. ते आपल्या धर्माचे नव्हते. पण माणसाच्या सेवेत देव पाहणाऱ्या त्या महापुरुषापुढे आपण नम्र होतो. त्यांनी धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी घर ठेवले नाही. हाती उरले होते गाडगे आणि खराटा. २०००-०१ साली त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा किती गावांनी तो खराटा पुन्हा हाती घेतला! पण जेथे खराटा फक्त तसबिरीत राहिला, तेथे गल्ली घाणच राहिली. बाबांचा खराटा, योसेफांचा रंधा आणि आपल्या आजीची रोझरी ह्या तिन्ही वस्तू एकच सांगतात : मला हार घालू नका, मला हातात घ्या.

गोव्यात बाणावली येथे 'गोवा चित्र' नावाचे संग्रहालय आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी लोकांनी टाकून दिलेली शेतीची आणि कारागिरांची जुनी अवजारे जमवून ते उभे केले. फार मोठे काम आहे ते. त्यांनी ती वाचवली नसती तर आपल्या नातवंडांना ती दिसलीही नसती. पण ज्या अवजारांना अजून हात मिळू शकतात, त्यांची जागा हातातच आहे. चर्चसुद्धा संग्रहालय होऊ नये.

शेवटी थोडे व्यवहाराचे. आपल्यापैकी काही कुटुंबे अजून सुतारकी करतात. लग्न जुळवताना मुलगा 'नुसता सुतार' आहे म्हणून नाक मुरडले जाते, हे माझ्या कानावर येते. नासरेथकरांनी हेच केले होते. आपण त्यांच्या रांगेत उभे राहू नये. तसेच १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतारकाम आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य त्यात सांगितले आहे. गरजू बांधवांनी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. अर्ज भरायला आपल्या तरुण मुलांनी मदत करावी. तीही सेवाच आहे.

ह्या आठवड्यात प्रत्येक घराने एक काम करावे. घरातली एक जुनी, न वापरलेली पवित्र वस्तू शोधा. आजीची रोझरी असेल, आजोबांचे प्रार्थनेचे पुस्तक असेल. ती पुसा, आणि त्या संध्याकाळी सर्वांनी मिळून ती वापरा. दहा मिनिटे पुरेत. आणि कोणा भावाशी वारशावरून अबोला असेल, तर फोन तुम्ही करा. प्रवचन मात्र देऊ नका. मी देऊन पाहिले आहे.

आपण प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू योसेफांच्या हाताखाली काम शिकलास. आमच्या हातांना कामाची लाज वाटू देऊ नकोस. आमच्या आधी गेलेल्यांनी जे आम्हाला दिले, ते गंजू देऊ नकोस. जेथे आम्ही बोथट झालो आहोत, तेथे आम्हाला पुन्हा तुझ्या शब्दाच्या दगडावर घास. आणि आमच्या मुलांच्या हाती आम्ही जे देऊ, ते धारेचे असो आणि प्रेमाने दिलेले असो. श्रमिक संत योसेफ, आम्हासाठी विनंती करा. आमेन.

तुमचा धर्मगुरू